कोरा फ्लॅश

शहादा, ८ डिसेंबर २०२४

हेमांगी,

आज सहावा दिवस आहे, मी चहाच्या बशीतून वरण खातो आहे. उभ्या आयुष्यात कुणाच्या अध्यात-मध्यात न पडलेल्या बावन्न वर्षांच्या शिक्षकावर अशी वेळ आली, याची कुठेतरी लेखी नोंद असावी म्हणून हे पत्र.

घरात वाट्या आठ. आठही माझ्या टेबलावर ओळीनं मांडल्या आहेत आणि प्रत्येकीत ज्वारीच्या दाण्याहून लहान असे एक-दोन स्क्रू आहेत. ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं. प्रत्येक वाटीखाली नंबराची चिठ्ठी. परवा शीलानं चुकून तीन नंबरच्या वाटीत लोणचं वाढलं. त्यानंतर घरात जी शांतता पसरली ती मी शाळेत पंचवीस वर्षं प्रयत्न करूनही पसरवू शकलो नाही. माझं पेपर वाचायचं भिंग गेलं, शीलाचा चिमटा गेला, आणि टेबलाजवळून जाताना पंखा बंद करायचा असा नियम आहे.

हे सगळं काजलचं काम. काजल म्हणजे माझी मुलगी, बावीस वर्षांची. तू तिला पाहिलेलं नाहीस, आणि आपल्याला एक आत्या आहे हे तिला जेवढ्यास तेवढं माहीत आहे. तिच्या पिढीला फोनमध्ये फुकट निघणारे फोटो पुरत नाहीत. खर्च करून, आठ दिवस वाट पाहून, निम्मे बिघडलेले फोटो हवे असतात. मागच्या रविवारी ती माळ्यावर चढली आणि आमचा स्टुडिओतला कॅमेरा खाली घेऊन आली. नमनचा आणि माझा, तो तुझा नवरा व्हायच्या आधीच्या भागीदारीतला. लीव्हर फिरवला की आत किरकिर होते, म्हणून तिनं वरचं झाकण खोललं.

इथवर ठीक होतं. मग तिनं मागचा दरवाजा उघडायला चावी वर ओढली आणि मी ओरडलो. साप निघाला असं समजून शीला लाटणं घेऊन आली. काजल म्हणाली, "आत रोल आहे? तुम्हाला कसं माहीत, पप्पा?" मी म्हणालो, आकडा तीनवर आहे ना, त्यावरून. ती म्हणाली, "आकड्याची चकती तर मी सकाळीच काढून पाच नंबरच्या वाटीत ठेवलीये."

पंचवीस वर्षांत मी बोललेलं हे सर्वांत वाईट खोटं. सर्वांत मोठं नव्हे.

तुझा सुरतचा पत्ता शांतिलालशेठच्या दुकानातून घेतला. गादीवर आता त्यांचा पुतण्या बसतो. त्यानं काही न विचारता बिलाच्या मागे लिहून दिला. शेठ असते तर आधी पाणी पाजून मग चार प्रश्न विचारले असते. वर 'अनेक आशीर्वाद' लिहून खोडलं होतं, मग कागदच बदलला. उत्तराची घाई नाही.

ललित


शहादा, १३ डिसेंबर

हेमांगी,

पहिलं पत्र वाचून तू म्हणाली असशील, वाट्यांचं गाऱ्हाणं सांगायला याला पंचवीस वर्षं लागली. खरं आहे. मुद्द्याभोवती पिंगा घालायची माझी सवय तुला जुनी माहीत आहे.

काल धडगावला जाऊन आलो. काजलला इंटरनेटवर कॅमेरे दुरुस्त करणारे मुंबईला सापडत होते. मी म्हणालो, आपला आमशा आहे. तुला आठवत असेल: स्टुडिओत रोल भरायचा, डार्करूममध्ये धुवायचा, आणि तू डबा घेऊन आलीस की मिरचीची भाजी आधी संपवायचा. आता धडगावच्या बाजारात त्याचं दुकान आहे. शिलाई मशीन, मिक्सर, बॅटरी, मोबाईल, जे बिघडेल ते. अकरा जणांच्या जीपमध्ये सतरावा म्हणून मी बसलो, आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर काजलनं प्लास्टिक बांधलेल्या आठ वाट्या पोटाशी धरल्या. शेजारच्या बाईनं विचारलंही, प्रसाद कुठला?

आमशानं तळाची पत्री काढली, डोळ्याला भिंग लावलं, लीव्हर दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाला, दात गेले. तुरीच्या डाळीएवढं एक दातेरी चाक असतं. त्याचे दोन दात तुटले आहेत. त्यानं काजलला समजावलं ते असं: हे चाक फिल्म ओढतं. दात नसले तरी शटर वाजतं, आकडाही पुढे सरकतो, फक्त फिल्म जागची हालत नाही. मला आपल्या भावकीच्या बैठका आठवल्या.

काजलनं विचारलं, म्हणजे आत फोटो नसतील? आमशा म्हणाला, असतील तर सगळे असतील, नाहीतर एकावर एक चढून सगळ्यांचा मिळून एक चिखल असेल. दात कधी तुटले त्यावर आहे. स्टुडिओ बंद करताना दुसरा कॅमेरा त्याला दिला होता, तो त्यानं अजून कापडात गुंडाळून ठेवला आहे. त्यातलं चाक काढून यात बसवेल. पण आधी रोल बाहेर काढायला हवा. मी म्हणालो, आठ दिवस थांब. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "त्या दिनले भरेल व्हता ना, भाऊ? का कोरा?"

काजलनं लगेच धरलं: कोरा म्हणजे काय?

मग तिला सांगावं लागलं. लग्नात छत्तीसचा रोल आणि फोटोत यायला उत्सुक मंडळी साडेतीनशे. चुलत मेहुण्याचा साडू मधे येऊन उभा राहिला तर नाही म्हणायचं नाही. फ्लॅश उडवायचा, "छान आला" म्हणायचं, आत रोल नाही. त्याला कोरा फ्लॅश म्हणत. सगळे फोटोग्राफर मारायचे. मी तो मारून वर चौकात किस्सेही सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. ज्यांच्यावर मारला तेही.

काजल हसली. आमशा स्क्रू पुसत होता, मान वर न करता म्हणाला, "मन्हा लगीनमा बी कोरा व्हता. लीव्हर हलका वाजना."

हेमांगी, तो नवरदेव होता. कपाळाला बाशिंग, चारी बाजूंना ढोल, आणि त्या गोंगाटात त्यानं लीव्हरचा आवाज ऐकला. रोल भरलेला असला की लीव्हर जरा जड ओढला जातो, हे त्यानंच मला शिकवलं होतं. आम्ही एका ताटात जेवायचो. तरी मी रोल वाचवला आणि पुढे त्याला सांगितलं की फोटो लाईट लागून गेले. सत्तावीस वर्षं तो यावर एक शब्द बोलला नव्हता, कालही एकच वाक्य बोलला. फुलवंताबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, चहा आणला. तो फार गोड होता.

लग्नाचे फोटो मागायला येऊन तू स्टुडिओच्या पायरीवर जे म्हणाली होतीस ते घाट उतरताना पूर्ण वेळ कानात होतं. "तू आप्पावर बी कोरा फ्लॅश मारा." मी म्हणालो होतो, नाही, कॅमेऱ्यात बिघाड झाला.

काल आमशानं भिंगातून पाहून माझं म्हणणं खरं ठरवलं. मला आनंद व्हायला हवा होता.

ललित


शहादा, १६ डिसेंबर

हेमांगी,

हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवतो आहे, कारण रोल धुण्याआधी ते तुझ्या हातात पडायला हवं. रोल धुतल्यावर दिलेली कबुली म्हणजे पंचनामा झाल्यावर दिलेली जबानी. तिला काही किंमत नाही.

तुला माहीत असलेलंच आधी लिहितो, म्हणजे मला मधूनच पळता येणार नाही. फेब्रुवारी ९९. नंदुरबारला विवाह नोंदणीच्या कचेरीतला तो अंधारा व्हरांडा. तू, नमन, त्याच्याकडून शांतिलालशेठ आणि धापूबाई. आपल्याकडून मी एकटा, तोही फोटोग्राफर म्हणून, भाऊ म्हणून नव्हे; कुणी विचारलं तर सांगायला बरं. आणि अकराच्या एसटीनं आप्पा आले. ब्राह्मणपुरीत सांगून आले होते की विहिरीवरची मोटार दुरुस्तीला टाकायची आहे. जावयाला टॉवेल-टोपी द्यायला हवी, पण नवी टोपी घेतली तर दुकानदार विचारेल कुणासाठी. म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि नमनच्या डोक्यावर ठेवली. मग उघड्या डोक्यानं तसेच उभे राहिले. आप्पांना उघड्या डोक्यानं मी त्याआधी फक्त न्हाव्यापुढे पाहिलं होतं. मी तीन फोटो काढले.

आता तुला माहीत नसलेलं. परतताना बसस्टँडवर आप्पा मला म्हणाले, "मी जित्ता शे तवलोंग कोणले दखाडू नको. मंग दखाड."

मंग दखाड. ते गेल्यावर फोटो दाखवायची मोकळीक देणारे हे दोन शब्द मी गिळले.

पायरीवर तुला 'बिघाड झाला' म्हणालो तेव्हा रोल कॅमेऱ्यात होता. मी तो बाहेर काढलाच नव्हता. त्या वेळी निदान आप्पांचा शब्द तरी आडोशाला होता. पण ते पुढच्या जानेवारीत गेले, तू उत्तरकार्याला आलीस, आणि बेबीबाई काकू भर पंगतीत सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणाली की बापानं मरेपर्यंत पोरीचं तोंड पाहिलं नाही. तू रडली नाहीस. माझ्याकडे पाहून म्हणालीस, "भाऊ, सांग."

मी वरणाकडे पाहिलं.

बराच वेळ पाहिलं. मान वर केली तेव्हा तू निघून गेली होतीस, आणि तुझ्या पत्रावळीवर पुरी तशीच होती.

का, ते सांगतो. त्याच आठवड्यात शीलाच्या घरी माझी बोलणी चालू होती. तिच्या वडिलांचा निरोप होता की पोरगी जातीबाहेर गेली ती गेली, बापानं मान्य केलं नसेल तर घर चांगलं आहे. मी गप्प बसलो आणि मे महिन्यात नवरदेव झालो. इतकं साधं आहे. पंचवीस वर्षांत मी याला बरीच भारी नावं देऊन पाहिली, एकही बसलं नाही.

आता गंमत बघ. आमशाचं चाक खरं असेल तर आत कदाचित काहीच नाही, आणि माझं खोटं आपोआप खरं होतं. 'बघ, मी म्हणालोच होतो, बिघाड.' हे पत्र फाडलं तर जगात कुणालाही कळणार नाही. आज दुपारी दोनदा फाडायला घेतलं. म्हणून मग ते शीलाला वाचून दाखवलं. आता फाडून उपयोग नाही.

ती पोळ्या लाटत होती. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मन्हा बापले कोणी सांगं असतं की दोधू आप्पा गयथा, तरी बी माले तुमलेच देतात. तुमले नोकरी लागेल व्हती."

म्हणजे जे वाचवायला मी गप्प बसलो, ते कधी धोक्यातच नव्हतं.

मी पाटावर बसायला गेलो तर तिनं ताट मागे ओढलं. म्हणाली, आधी पोस्टात जाऊन या.

ललित


शहादा, २७ डिसेंबर

हेमांगी,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यं. 'रोल धुवू नकोस. तसाच पाठव. तू आणू नकोस.' पत्रलेखन मी शिकवतो. इतक्या कमी शब्दांत इतका अविश्वास मांडलेला कुठल्याही वहीत पाहिला नाही. पूर्ण गुण.

काल रोल काढला. आमशाच्या घरी, भर दुपारी, गोधडीच्या घडीत. कॅमेरा आत, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत, वरून फुलवंताबाईनं आणखी एक गोधडी टाकून कडा दाबून धरल्या. तो डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी काही विचारायला गेलो तर काजलनं माझा दंड धरला. फिल्म जुनी झाली की पापडासारखी होते. आत एक बारीकसा आवाज आला आणि आमशा थांबला. किती वेळ थांबला माहीत नाही. मी तेवढ्या वेळात आप्पांना आणि नमनला मनात पुन्हा एकदा जागेवर उभं करून पाहिलं, आणि मला नमनचा चेहराच आठवेना. टोपी आठवली.

"निघना," आमशा म्हणाला.

काळ्या डबीत घालून त्यानं झाकणावर चिकटपट्टी गुंडाळली. शीलानं डबी पांढऱ्या कापडात शिवली, जशी आपल्याकडे बाहेरगावी धाडायची लाडवांची पेटी शिवायचे. आज सकाळच्या सुरत गाडीनं काजल निघाली. ती तुला पहिल्यांदाच भेटेल. चिडकी आहे, पण हात स्थिर आहे.

आता ते माझ्या हातात नाही. पंचवीस वर्षं कॅमेरा माळ्यावर होता तेव्हा मला रोज माहीत असायचं की तो तिथे आहे. आज माळ्याखालून जाताना मान आपोआप वर गेली. तू धुवून घे, किंवा धुऊ नकोस. धुतलास तर मला दाखव, किंवा नको दाखवू. तापीत टाकलास तरी चालेल. ती आमच्याकडूनच तुझ्याकडे येते.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. ती फोटो पाहण्याआधीच सांगायला हवी होती. पण हात वळत नाही.

ललित


शहादा, १९ जानेवारी २०२५

हेमांगी,

पाकीट मंगळवारी आलं. मी ते शाळेतून घरी आणलं, शीलाला दिलं, आणि म्हणालो, तू उघड. तिनं उघडलं, पाहिलं, आणि माझ्यासमोर ठेवून आत गेली.

एकच फोटो. तिन्ही एकावर एक. व्हरांडा अंधारा होता म्हणून वाचला. उजेडात असता तर आमशा म्हणाला तसा चिखल झाला असता. तुझे हात सहा दिसतात, शेठजींच्या अंगातून कचेरीचं दार जातं, चेहरे धुक्यासारखे. पांढरं तेवढं स्वच्छ आलं आहे. आणि पांढरी टोपी दोन ठिकाणी आहे. एक आप्पांच्या डोक्यावर, एक हातभर पलीकडे नमनच्या.

मागे तू लिहिलं आहेस, 'मोज.' मोजल्या.

आता ती राहिलेली गोष्ट. त्या दिवशी लीव्हर हलका लागला होता. पहिल्याच फोटोनंतर. फिल्म सरकते आहे का हे पाहायला डावीकडच्या चावीकडे एक नजर टाकायची असते. ती फिरली की फिल्म चालली. आमशानं हे मला शंभरदा सांगितलं होतं. बोटाला जाणवलं, आणि मी चावीकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहत होतो, भावकीतलं कुणी येतं का म्हणून. तरी खरं सांगायचं तर मनात एक बारीक विचार येऊन गेला की नाही आला फोटो, तर बरंच. म्हणजे पायरीवर तू म्हणालीस ते अगदीच खोटं नव्हतं. रोल भरलेला होता, मी कोरा होतो. हे वाक्य जरा जास्त सुबक झालं. पण राहू दे, खोडलं तर पुन्हा लिहायचा धीर होणार नाही.

बुधवारी ब्राह्मणपुरीला गेलो. बेबीबाई काकू चौऱ्याऐंशीची आहे, ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाली, "हाई दोधूनी टोपी शे. डावीकडे चेपेल." मग म्हणाली, दोन कशा? मी सांगितलं, एकच आहे, काकू. आधी आप्पांच्या डोक्यावर, मग जावयाच्या. मीच फोटो काढला. ते गेले होते.

ती फोटोकडे पाहत राहिली. मिरच्यांचा ठसका आम्हा दोघांनाही लागला नाही.

"मंग तू त्या दिनले पंगतमा काय करी ऱ्हायंता?"

"वरण खाई ऱ्हायंतू, काकू."

ती हसली नाही. तिनं दोन्ही सुनांना हाक मारली, शेजारच्या ओट्यावरच्या तिघींना बोलावलं, आणि प्रत्येकीला बोट ठेवून दाखवलं: हा दोधू, हा जावई, ही टोपी. माझ्याकडे बोट करून काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. मी तिथेच उभा होतो, एवढं पुरे. निघताना फोटो परत मागितला तर तिनं तो पदराखाली घेतला. म्हणाली, ज्यांनी त्या दिवशी ऐकलं त्यांच्यातले जेवढे जिवंत आहेत तेवढ्यांना दाखवायचा आहे. तुला दुसरी प्रत काढून घ्यावी लागेल.

काकूनं विचारलं, पोरगी येईल का? मी म्हणालो, ते मी सांगू शकत नाही. आणि हे तुला येण्यासाठी लिहीत नाही.

काल पुन्हा धडगावला गेलो, एकटाच. आमशानं चाक बसवून ठेवलं होतं. काजलनं फोनवरून सांगितलं त्या क्रमानं त्यानं वाट्या रिकाम्या केल्या. एक स्क्रू उरला आहे, तो कशाचा ते दोघांनाही सांगता येत नाही, आणि कॅमेरा चालतो. सात वाट्या मी पिशवीत भरल्या, आठवी त्याच्याकडे राहिली.

मग मी म्हणालो, आमशा, जरा बाहेर ये, उजेडात. फुलवंताबाईंनाही बोलाव. तो म्हणाला, कशाला? मी म्हणालो, दुरुस्ती तपासायला काहीतरी काढावं लागेल ना. तो आत गेला. यायला वेळ लागला. आला तेव्हा धुतलेला सदरा घातलेला होता, आणि तिनं गळ्यात चांदीचं सगळं घातलं होतं. दुकानासमोर दोन स्टुलं मांडली, बाजाराकडे पाठ. ती दोघं अशी ताठ बसली, जणू सत्तावीस वर्षांपूर्वी सांगितलेलं 'हलू नका' अजून चालूच आहे.

मी फोटो काढला. लीव्हर ओढला, सावकाश. डावीकडच्या चावीकडे पाहिलं. फिरली.

आमशानं मान थोडी कलती केली होती.

"भरेल शे," तो फुलवंताबाईला म्हणाला.

ललित